अमीन सयानी: माइकच्या अलीकडचं काम

प्रश्न असा आहे: "मी माध्यमांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेडिओच्या ध्वनिचाचणीत नापास झाले. उच्चारांवर बोलीची छाप आहे, असा शेरा मिळाला. अमीन सयानींनाही असंच नाकारलं होतं, असं आमचे सर सांगतात. ते खरं आहे का? त्यांची कारकीर्द नेमकी कशी उभी राहिली? आणि आवाज बेताचा असेल तर या क्षेत्रात यावं का?"

हो, खरं आहे. रेडिओवरच्या 'बिनाका गीतमाला'मुळे घराघरांत पोचलेले निवेदक सयानी यांनी ही हकिकत मुलाखतींतून स्वतःच अनेकदा सांगितली आहे. ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमधलं शिक्षण संपवून ते मुंबईला परतले, सेंट झेवियर्स कॉलेजात गेले आणि हिंदी निवेदक व्हायचं म्हणून आकाशवाणीवर चाचणीला उभे राहिले. वाचन चांगलं आहे, पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची सरमिसळ आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं. माइकला ते तेव्हा नवखे नव्हते. थोरले भाऊ हमीद सयानी हे इंग्रजीतले नावाजलेले निवेदक, आणि त्यांचं बोट धरून अमीन लहानपणापासून आकाशवाणीच्या इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेत आले होते.

मी आकाशवाणीवर निवेदन केलं, दूरदर्शनसाठी मुलाखती घेतल्या, आणि पुढे ध्वनिचाचणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो. त्या बाजूने बघताना मला असं वाटतं की सयानींना नाकारणाऱ्या परीक्षकांचे कान चुकले नव्हते. सरमिसळ होतीच. 'बघा, ज्यांना नाकारलं ते केवढे मोठे झाले' एवढ्यावर ही गोष्ट संपवली की ऐकणाऱ्याला धीर येतो, पण हाती काही लागत नाही. तुम्हाला उपयोगी पडेल ते त्यानंतर घडलं.

नकार घेऊन ते हमीदभाईंकडे गेले. भावाने समजूत काढत बसण्यापेक्षा एक काम सांगितलं. कोलंबोहून (आजच्या श्रीलंकेतून) प्रसारण करणाऱ्या रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम त्या काळी सेंट झेवियर्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत. तिथे जाऊन बस आणि लोक कसं बोलतात ते ऐक, एवढंच. अमीन जाऊन बसू लागले. बाळगोविंद श्रीवास्तव हे तिथले निर्माते. एका दिवशी ओव्हल्टीन या पेयाच्या कार्यक्रमाची जाहिरात वाचणारा आला नाही, तेव्हा समोर बसलेल्या मुलांतून अमीन पुढे झाले. वाचन जमलं. मोबदला म्हणून दर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक छोटा डबा मिळायचा. पगार नाही, करार नाही. पण आठवड्यातून एकदा खऱ्या कार्यक्रमासाठी, खऱ्या घड्याळाबरोबर बोलायला मिळत होतं. उच्चार सुधारायला त्याहून चांगली शाळा मला माहीत नाही. घरी आरशासमोर वाचताना चूक झाली तर माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तिथे समोर काचेपलीकडे तंत्रज्ञ बसलेला असतो, त्याची टेप फिरत असते, आणि प्रत्येक चुकीची किंमत दुसरं कुणीतरी मोजत असतं.

आता त्यांच्या घराकडे वळतो. हा भाग त्यांच्यावरच्या लेखांत दोन ओळींत उरकला जातो आणि माझ्या मते सगळी कारकीर्द त्यावर उभी आहे. अमीन यांचा जन्म 21 डिसेंबर 1932 चा, मुंबईतला. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रभावाखाली सार्वजनिक कामात आलेल्या, प्रौढ साक्षरतेसाठी मुंबईच्या वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या. नुकतंच लिहा-वाचायला शिकलेल्या माणसाच्या हातात पुढे वाचायला काही पडलं नाही, तर शिकलेली अक्षरं तो वर्षभरात विसरतो. म्हणून त्यांनी 1940 मध्ये 'रहबर' नावाचं पाक्षिक सुरू केलं. भाषा साधी हिंदुस्तानी, आणि तोच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. हे पाक्षिक 1960 पर्यंत चाललं. या कामाला गांधीजींचं उत्तेजन होतं, आणि 1959 मध्ये कुलसुमबेनना पद्मश्री मिळाली.

शाळकरी वयापासून अमीन या 'रहबर'च्या कामात आईच्या हाताखाली होते. म्हणजे काय, ते नीट डोळ्यांसमोर आणा. एक मुलगा वाक्य लिहितो. ते वाक्य अशा बाईला वाचता आलं पाहिजे जिने सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा अक्षर गिरवलं. तिला संस्कृत शब्द कळणार नाही, फारसी शब्दही कळणार नाही. लांबलचक वाक्याच्या शेवटापर्यंत ती पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असेल. मग शब्द बदलायचा, वाक्य तोडायचं, पुन्हा वाचून बघायचं. पुढे रेडिओवर त्यांची भाषा पंजाबपासून बिहारपर्यंत आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत, हिंदी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनाही सहज कळली, ती या मेहनतीमुळे. लोकांना वाटतं ते आवाजाच्या जोरावर जिंकले. आवाज चांगला होता, यात शंकाच नाही. पण तसा चांगला आवाज असलेले त्यांच्या पिढीत बरेच होते. अशिक्षित माणसाचा मान राखून त्याच्याशी सोपं बोलायची सवय मात्र फार थोड्यांना होती.

दुसरी गोष्ट काळाची. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि 1962 पर्यंत त्या खात्यावर राहिले. केसकर आपले, मराठी, शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आकाशवाणीचं वाद्यवृंद, संगीत संमेलनं, हे सगळं त्यांच्या काळातलं. गावोगावच्या ज्या माणसाने कधी मैफल पाहिली नसती, त्याला घरबसल्या मोठमोठे गायक ऐकायला मिळाले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हिंदी चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि त्या भूमिकेपायी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. गाणी ऐकणारे मात्र कुठेच गेले नव्हते. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला तो कोलंबोवर. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी (शॉर्टवेव्ह) ट्रान्समीटर तिथे होता आणि त्याची पोच सबंध भारतभर होती. रेडिओ सिलोनला जाहिराती घ्यायला मनाई नव्हती. मुंबईत कार्यक्रम बनवायचे, टेपा विमानाने कोलंबोला धाडायच्या आणि तिथून ते भारतात ऐकवायचे, असा धंदा उभा राहिला. सिनेमाची गाणी ऐकवणारी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली ती 3 ऑक्टोबर 1957 रोजी, आणि तोवर रेडिओ सिलोन घराघरांत जाऊन बसलं होतं.

त्यात 'बिनाका गीतमाला' आली. बिनाका ही सिबा कंपनीची टूथपेस्ट. इंग्रजी गाण्यांचा एक लोकप्रिय स्पर्धा-कार्यक्रम सिलोनवर चालू होता, तसाच हिंदीत हवा होता. त्यासाठी माणूस असा हवा की जो संहिता लिहील, निर्मिती करील, निवेदन करील आणि येणारी पत्रंही तपासील. आठवड्याचे पैसे पंचवीस रुपये. नाव झालेल्या मंडळींपैकी या पैशांत एवढं काम करायला कुणी तयार झालं नाही. विशीत पदार्पण करणारे अमीन तयार झाले. 3 डिसेंबर 1952, बुधवारी रात्री पहिला कार्यक्रम लागला.

सुरुवातीचं स्वरूप आज फारसं कुणाला आठवत नाही. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा बरोबर क्रम लावून पाठवायचा आणि जिंकणाऱ्याला शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांच्या घरात गेला. पंचवीस रुपयांत पासष्ट हजार पत्रं तपासणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून 1954 च्या अखेरीपासून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने सोळा गाणी वाजवायचं ठरलं. ज्या 'गीतमाले'वर दोन पिढ्या पोसल्या, तिचा सर्वांना माहीत असलेला साचा टपालाच्या ओझ्यातून तयार झाला.

पत्रांबद्दल मी थोडं रेंगाळणार आहे. 'आपली आवड'सारख्या फर्माइशी कार्यक्रमासाठी पोस्टकार्डांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी बसलो आहे. कार्डावर गाण्याचं नाव कोपऱ्यात, एका ओळीत असतं. बाकी सगळी जागा नावांनी भरलेली असते. पाठवणारा, त्याचा भाऊ, वहिनी, शेजारचे दोघे, चावडीवरचं मित्रमंडळ, आणि खाली मुक्काम, पोस्ट, तालुका. शाई कुठे पाण्याने फुटलेली, तर कुठे नाव आधी चुकून पुन्हा वर लिहिलेलं. नवीन निवेदक गाणं बघतो आणि नावं पटापट उरकतो. मुरलेला निवेदक आधी गावाचं नाव पेन्सिलने लिहून घेतो आणि त्याचा उच्चार त्या भागातल्या कुणाला तरी विचारतो. गावाचं नाव चुकीचं वाचलं, की ज्या घरात ते कार्ड लिहिलं गेलं त्या घराला तो कार्यक्रम आपला वाटत नाही. बिहारमधलं, आता झारखंडात असलेलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव निव्वळ फर्माइशींमुळे देशभर माहीत झालं. सयानींनी गावांची आणि श्रोत्यांची नावं घेताना जो जिव्हाळा ठेवला, त्याची मुळं त्या पहिल्या दोन वर्षांत आहेत. ज्याने हजारो पत्रं स्वतःच्या हातांनी फोडली, त्याला समोर 'श्रोतृवर्ग' दिसत नाही. त्याला त्या कार्डांवरची अक्षरं दिसतात.

आता जरा हिशेब करू. या व्यवसायात हिशेबाला पर्याय नाही. एक तास म्हणजे साठ मिनिटं. गाणी सोळा. त्या काळच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. सगळी गाणी पूर्ण वाजवली तर पन्नास मिनिटांच्या आसपास तिथेच गेली. सुरुवातीची धून, प्रायोजकाच्या जाहिराती, शेवटचा निरोप, हे सगळं उरलेल्या वेळातून. म्हणजे दोन गाण्यांमध्ये बोलायला निवेदकाच्या वाट्याला वीस-पंचवीस सेकंद येतात. काही गाणी कापली तर थोडे जास्त. एवढ्या वेळात मागचं गाणं सोडून द्यायचं, पुढचं गाणं कितव्या पायरीवर आहे ते सांगायचं, मागच्या आठवड्यात ते कुठे होतं याची आठवण द्यायची, गायक-संगीतकाराचं नाव घ्यायचं आणि एवढं करून आपण घाईत आहोत असं जाणवू द्यायचं नाही. सयानींच्या निवेदनात तीन-चार शब्दांची वाक्यं एकामागून एक येतात आणि मध्येच एखादं लांब वाक्य उसळी मारून जातं. ते ऐकताना सहज सुचल्यासारखं वाटतं. ते सहज सुचलेलं नसे. ते लिहिलेलं असे, आणि तेही बोलण्याच्या लयीत लिहिलेलं असे.

त्यात भर लघुलहरींची. लघुलहरींवरचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतो, म्हणून तो स्थिर राहत नाही. एक क्षण स्पष्ट, पुढच्या क्षणी खोल विहिरीतून आल्यासारखा, मग मध्येच शिट्टी किंवा दुसरं एखादं परदेशी स्टेशन. अशा लहरीवर पुटपुटत, कुजबुजत बोलणारा निवेदक टिकूच शकत नाही. त्यासाठी आवाज थोडा वरच्या पट्टीत हवा, शब्दाची सुरुवात ठसठशीत हवी आणि महत्त्वाचं नाव दोनदा आलं पाहिजे, एकदा गाण्याआधी आणि एकदा नंतर. सयानींची नक्कल करणारे त्यांची 'बहनों और भाइयों' ही साद घेतात, तो उत्साह घेतात आणि एफएमच्या स्वच्छ लहरीवर तसेच ओरडतात. तिथे ते कानाला लागतं. सयानी ज्या लहरीवर बोलत होते तिला तो उत्साह लागत होता, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. त्यांच्याच उतारवयातल्या ध्वनिफिती ऐका, 'गीतमाला की छाँव में' या संचातलं निवेदन ऐका. पट्टी खाली आलेली आहे, विराम मोठे झाले आहेत, आठवणी सांगताना आवाज निवांत आहे. माणूस तोच, ऐकण्याचं साधन बदललं तसं त्याने बोलणं बदललं.

ध्वनिमुद्रणाचाही एक भाग सांगतो, कारण आजच्या मुलांना तो बघायला मिळत नाही. पाव इंची टेप, तिची मोठी स्पूल. चूक झाली की टेप हाताने पुढेमागे सरकवून अक्षराची सुरुवात शोधायची. तो घुर्र-घुर्र आवाज ज्याने ऐकला तो विसरणार नाही. पांढऱ्या पेन्सिलने खूण करायची, खाचेत टेप बसवायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. छेद सरळ दिला तर जोडावर 'टक' असा आवाज येतो. एक श्वास कापायला पाच मिनिटं जातात. त्यामुळे त्या पिढीचे निवेदक आधीच विचार करून, एका दमात बरोबर बोलायला शिकले. 'गीतमाला' थेट प्रसारण वाटायची. प्रत्यक्षात ती मुंबईत बनवून विमानाने पाठवलेली टेप असे, आणि श्रोत्याच्या कानी पडेपर्यंत मध्ये काही दिवस गेलेले असत. 'आत्ता, या क्षणी' हा भास निर्माण करणं हे त्यांचं फार मोठं कसब.

विश्वासाचा मुद्दा राहिला. गाण्याचा क्रम ठरवायला आधी तबकड्यांच्या दुकानांतून खपाचे आकडे मागवले जात. पण ज्याला आपलं गाणं वर न्यायचं आहे तो तबकड्या स्वतःच विकत घेऊ शकतो. म्हणून देशभरच्या श्रोता संघांच्या मतांची जोड दिली गेली. एकच गाणं महिनोन्महिने पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसू नये म्हणून ठरावीक आठवड्यांनंतर त्याला बिगुल वाजवून मानाने निरोप दिला जाई. निर्माते, संगीतकार, कंपन्या, सगळ्यांचे पैसे त्या क्रमात गुंतलेले होते. अशा वेळी दशकानुदशकं श्रोत्यांनी तो क्रम खरा मानला, याचं मला त्यांच्या आवाजापेक्षा जास्त कौतुक वाटतं. आजकाल पैसे घेऊन कुठलंही गाणं 'सुपरहिट' म्हणून सांगितलं जातं, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. निवेदकाच्या शब्दाला किंमत राहत नाही ती इथून.

पुढची चार दशकं मी भराभर सांगतो. टूथपेस्टचं नाव बदललं तसं कार्यक्रमाचं नाव बदलत गेलं, 1989 मध्ये तो रेडिओ सिलोनवरून विविध भारतीवर आला आणि नव्वदीत त्याची सलग मालिका थांबली. पुढे 2000 नंतर काही काळ तो पुन्हा सुरू झाला. दरम्यान 1967 पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या आणि सयानींचं काम कितीतरी पटींनी वाढलं होतं. एस. कुमार्सचा 'फिल्मी मुकदमा', 'सॅरिडॉन के साथी' असे प्रायोजित कार्यक्रम आले. हमीदभाई 1975 मध्ये गेले, तेव्हा 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' अमीन यांनी चालवला, इंग्रजीत. एड्सवर 'स्वनाश' नावाची तेरा भागांची मालिका केली. ब्रिटन, आखात, अमेरिका, कॅनडा इथल्या रेडिओंसाठी कार्यक्रम केले. एकूण चोपन्न हजारांवर रेडिओ कार्यक्रम आणि एकोणीस हजारांवर जाहिराती व जिंगल्स, असा त्यांच्या कामाचा आकडा सांगितला जातो. 2009 मध्ये पद्मश्री. 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले.

या आकड्यांकडे तुम्ही कामाच्या नजरेने बघा. चोपन्न हजार कार्यक्रम मूड लागला म्हणून होत नाहीत. ते रोज सकाळी ऑफिस उघडून, संहिता लिहून, स्टुडिओ आरक्षित करून, प्रायोजकाचे फोन घेऊन होतात. सयानी कुलाब्यातल्या आपल्या ऑफिसातून निर्मितीचा व्यवसाय चालवत होते. निवेदक म्हणून नोकरीवर विसंबून न राहता निर्माता झाल्यामुळे ते टिकले. सरदी झाली, वय झालं, आवाज बसला, तर निव्वळ आवाज विकणाऱ्याचा चरितार्थ त्या दिवसापुरता थांबतो. ज्याला लिहिता येतं, कार्यक्रमाची कल्पना मांडता येते, टेप कापता येते, त्याचं तसं होत नाही.

दूरचित्रवाणीचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या अभ्यासक्रमात दोन्ही शिकवतात, म्हणून सांगतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. मोठा पडदा त्या काळी सयानींना पूर्ण अपरिचित नव्हता, चित्रपटांत निवेदकाच्या छोट्या भूमिका त्यांनी केल्या. पण त्यांचं राज्य रेडिओचंच राहिलं, आणि त्याला कारण आहे. रेडिओचा निवेदक शब्दांनी दृश्य उभं करतो. टीव्हीवर दृश्य आधीच समोर असतं, तिथे गप्प बसणं शिकावं लागतं. दोन्हीकडे सारख्याच ताकदीने वावरलेलं उदाहरण हवं असेल तर तबस्सुम यांचं बघा. बालकलाकार म्हणून चित्रपटांत आलेल्या, रेडिओवरच्या प्रायोजित कार्यक्रमांनी घरोघर पोचलेल्या तबस्सुम मुंबई दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' घेऊन आल्या आणि 1972 पासून 1993 पर्यंत तो कार्यक्रम चालला. जुनी चित्रणं मिळाली तर त्यांच्याकडे बघू नका, पाहुण्याकडे बघा. पहिल्या दोन मिनिटांत पाहुण्याचे खांदे आखडलेले असतात. मग त्या काहीतरी हलकंफुलकं बोलून मनापासून हसतात आणि पाहुणा खुर्चीत मागे टेकतो. त्यानंतर मिळतात ती उत्तरं खरी. हे प्रश्नांची यादी पाठ करून होत नाही.

बातम्यांचं तंत्र पुन्हा वेगळं. आमच्याकडे प्रदीप भिडे यांनी ते असं दाखवून दिलं की पुढच्या सगळ्या मराठी वृत्तनिवेदकांना तीच मोजपट्टी लागली. आवाज भरदार, पण बातमीवर स्वार न होणारा. मृत्यूची बातमी आणि पावसाची बातमी यांत त्यांच्या आवाजाचा जो सूक्ष्म फरक पडे, त्यात कुठेही अभिनय नसे. 7 जून 2022 रोजी ते गेले. त्याआधी कितीतरी वर्षं मराठी जाहिराती आणि माहितीपटांतून त्यांचाच आवाज घुमत होता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बेताचा आवाज म्हणजे काय, ते मला तुमची ध्वनिफीत ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, पण चाचणीत नापास होणाऱ्यांपैकी फार थोडे आवाजामुळे नापास होतात. बहुतेक जण डोळ्यांनी वाचतात आणि तोंडाने उच्चारतात. मध्ये अर्थ कुठे जातच नाही. बोलीचा शेरा मिळाला याचं इतकं वाईट वाटून घेऊ नका. प्रमाण मराठीत 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष', दंत्य आणि तालव्य 'च', हे काही महिन्यांत पक्कं करता येतं. रोज वर्तमानपत्रातलं एक पान मोठ्याने वाचा, फोनवर मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नाही, कारण त्या दिवशी कान आपल्याच बाजूने असतात. आणि बोली पुसून टाकू नका. ती तुमच्या घरातली, तुमच्या श्रोत्यांच्या घरातली आहे. नाट्यवाचन, शेतीविषयक कार्यक्रम, ग्रामीण महिलांसाठीचे कार्यक्रम, इथे तिची गरज पडते, आणि ती अस्सल असलेली माणसं मिळत नाहीत.

पुढची चाचणी येईपर्यंत कुठेतरी काम धरा. कम्युनिटी रेडिओ, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण, गावच्या गणेशोत्सवाचं निवेदन, काहीही चालेल. अट एकच, लिहिणं तुमचं हवं आणि वेळ घड्याळाची हवी. अभ्यासाला सयानींचं एखादं जुनं मुद्रण घ्या आणि गाणी वाजत असताना ती ऐकूच नका. दोन गाण्यांमधलं बोलणं तेवढं कागदावर उतरवा, अक्षरन् अक्षर. प्रत्येक तुकड्यासमोर सेकंद लिहा. कुठे श्वास घेतला तिथे रेघ मारा. मग त्यातली माहिती जशीच्या तशी ठेवून तो तुकडा मराठीत, तुमच्या तालुक्यातल्या माणसाशी बोलता तसा लिहा आणि तेवढ्याच सेकंदांत बसवून म्हणून बघा. पहिले काही तुकडे दुप्पट लांब होतील. बसायला लागले की मला ध्वनिफीत पाठवा, मी ऐकून सविस्तर कळवीन.